नववी पातळी

गाइड म्हणाले, विषय सोपा घ्या, मोजता येईल असा.
म्हणून मी शिट्टी, टेप, खडू आणि स्टॉपवॉच घेऊन
गावभागातल्या जुन्या हॉलमध्ये उभी राहिले.
चोवीस मुली, सात रकाने,
आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची पिवळट रेघ,
माझ्या डोक्याच्याही वर.
उंच उडी मोजताना मुली हट्टाने
त्या रेघेला हात लावून यायच्या.

बीप वाजली की वीस मीटर पळायचं.
पुन्हा बीप, पुन्हा उलटं.
यालाही शटलच म्हणतात, मी समजावलं.
झुलेखा बारगीर म्हणाली, "मग ह्याची पिसं कुठायत?"
आणि नवव्या पातळीला गुडघ्यांवर हात टेकून थांबली.
समिधा मगदूम बारावी ओलांडून गेली,
तिचा श्वाससुद्धा इस्त्री केलेला.

झुलेखाच्या ओळीत मी लिहिलं, दम : कमी.
लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
त्याला काही अर्थ नव्हता,
ती पेन्सिलच तसली होती.

रविवारी दोघी समोरासमोर आल्या.
पहिला गेम झुलेखाने घेतला, एकवीस-चौदा,
जवळजवळ न धावता.
नुसतं मनगट, सूप हलवावं तेवढं.
फूल जाळीवर टेकायचं, जरा विचार करायचं,
मग पलीकडे गळून पडायचं.
समिधा धावत होती.
माझे सातही रकाने तिच्यामागे धावत होते.
गाइडना आता काय सांगायचं,
ते मी मनात जुळवायला लागले.

दुसरा, एकोणीस-एकवीस.

तिसऱ्यात अकराला बाजू बदलल्या.
फूल हलू नये म्हणून पंखे बंद, दारं बंद,
मे महिन्यातली सांगलीची दुपार आत कोंडलेली.
एकेक रॅली तीस-तीस फटक्यांची.
सर्व्हिसच्या आधी झुलेखा वाकून नाडी बांधायला लागली,
बांधलेलीच नाडी,
दोनदा.
तिसऱ्यांदा पंचांनी मान हलवली.

सतरा-सतरा.
समिधाने डाव्या कोपऱ्यात, पुढे, अलगद टाकलं.
मी पाहिलं :
झुलेखाचे डोळे आधीच पोचले होते,
मान पोचली होती,
खांदाही कलला होता,
मग मधेच कुठेतरी निरोप अडकला.
पाय आले तेव्हा
फूल जमिनीवर अर्धी गिरकी घेऊन
गप पडलं होतं.

नंतर बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत ती म्हणाली,
"मॅडम, मला दिसलं होतं हो.
दिसलं, काय मारायचं तेपण ठरलं.
पाय म्हणाले, असू दे.
त्याच्या पुढचे तीन गुण
पायांना जमेल तेच मारलं मी,
मला पाहिजे ते नाही."

हे कुठल्या रकान्यात बसवायचं?
गणित आलं शून्य पूर्णांक एक्केचाळीस.
मध्यम सहसंबंध, गाइड म्हणाले, छान, टायपिंगला द्या.
मी विचारलं, सर,
पहिल्या गेमचा वेगळा आणि तिसऱ्याचा वेगळा काढू का?
ते म्हणाले, मुदत एकतीस तारखेची आहे.

आता पहाटे ती कृष्णेच्या घाटावर असते,
वडिलांच्या ढगळ टी-शर्टात.
पायऱ्या वर, पायऱ्या खाली.
पुलावरचे दूधवाले सायकल हळू करून बघतात.
मी खाली उभी, डास मारत,
माझे गुडघे मला ठाऊक आहेत
म्हणून नुसती ओरडते, "अजून एक!"
त्यावर ती ज्या नजरेने बघते
ती लिहिण्यासारखी नाही.
परवा अकरावी पातळी पुरी केली,
भिंतीशी जाऊन ओकली,
आणि तोंड पुसत हसली.

प्रबंध बांधून आला. लाल पुठ्ठा, सोनेरी अक्षरं,
माझ्या नावात एक वेलांटी चुकलेली.
पान त्रेसष्ट, ओळ सतरावी,
तिथे ती अजून नऊवरच आहे,
गुडघ्यांवर हात टेकून,
पुढची बीप वाजायच्या आत.